चामरकल्प म्हणजे नक्की काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

कुंडीतली कोथिंबीर खुडायची राहून गेली आणि आता तिला बारीक पांढरी फुलं आलीयेत. सहज मराठी विश्वकोश उघडला तर 'चामरकल्प फुलोरा' हा शब्द दिसला आणि तिथेच गाडी अडली. फुलोरा कळतो हो, आंब्याचा मोहोर, उसाचा तुरा, तुळशीची मंजिरी हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं, पण हे चामरकल्प काय? इंग्रजीत याला अंबेल म्हणतात, लॅटिन अंबेला म्हणजे छोटी छत्री त्यावरून, अंब्रेला पण त्याच घरातला, आणि वरून बघितलं तर फुलं दिसतातही उघडलेल्या छत्रीसारखी. हिंदीवालेसुद्धा पुष्पछत्र म्हणतात. मग आपणच छत्री सोडून चामर का धरलं? देवावर ढाळतात तीच चवरी ना? तिचे केस तर खाली लोंबतात! आणि 'कल्प' म्हणजे कल्पवृक्षातला का?

प्रतिसाद १
चवरीच. चमर म्हणजे याक, त्याच्या शेपटीच्या केसांची ती चामर. कल्प इथे प्रत्यय आहे, 'जवळजवळ तसाच' या अर्थाचा, ऋषिकल्प, मृतकल्प मधला. केस लोंबतात ते सोडा, मूठ बघा. सगळे केस एकाच ठिकाणाहून निघतात, तसेच या फुलोऱ्याचे देठही एकाच बिंदूतून फुटतात. मंजिरीत फुलं दांडीवर थराथराने वर चढतात, तिथे असं नसतं. कोथिंबिरीत तर प्रत्येक देठाच्या टोकाला परत एक छोटा चामर, म्हणून संयुक्त. बडीशेप, शेपू, ओवा, जिरं, गाजर सगळी याच कुळातली, कुळाचं जुनं नावच अंबेलिफेरी, आता एपिएसी.

प्रतिसाद २
आमच्याकडे कांद्याला डेंगळा आला की वर गोंडा धरतो, तोही चामरकल्पच. पण कोकणात झेंडूलाही गोंडा म्हणतात आणि त्यात फुलांना देठच नसतात, एका चकतीवर दाटीवाटीने बसलेली असतात, पुस्तकात त्याला स्तबक. म्हणून गोंडा म्हणून भागत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांना! एक दांडी तोडून उलटी धरली, च्यायला खरंच चवरी!! फुलं मात्र सगळी चहात पडली.