प्रतिसाद: मोठी डिस्क आणि चाकातली जागा

गाडीला ब्रेकची मोठी डिस्क बसवण्याच्या या चर्चेत '१६ इंची रिममध्ये ३०० मिमीची डिस्क आरामात बसते' असं एकानं लिहिलंय. ते डिस्कपुरतं ठीक आहे, पण अडतो तो कॅलिपर, म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड दाबणारा भाग. १६ इंच म्हणजे साधारण ४०६ मिमी, आणि हे माप टायर जिथे बसतो तिथलं. आतला खोलगट भाग त्याहून बराच लहान असतो. शिवाय खरी अडचण बहुतेकदा स्पोकच्या पाठीमागे येते, आणि ती व्यासावरून कळतच नाही.

कोणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे, कॅलिपर सरकणारा असेल तर तपासणी नवे पॅड घालूनच करा. बाहेरचा पॅड झिजतो तसा कॅलिपर आत, म्हणजे स्पोकपासून लांब सरकतो, त्यामुळे जुन्या पॅडवर जागा जास्त दिसते. मी हीच चूक केली. सगळं छान बसलं, पॅड बदलले आणि स्पोक घासायला लागला. आता कॅलिपरवर मुलांच्या खेळातल्या मातीचे गोळे चिकटवतो, नट पूर्ण आवळून चाक हातानं फिरवतो आणि दबलेल्या मातीची जाडी मोजतो. ३ मिमीपेक्षा कमी भरली तर मी ते चाक लावत नाही. चाक समतोल फिरावं म्हणून रिमच्या आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही बघा, कॅलिपर तीच आधी खरवडतो.