2002 ची जिप्सी: आधी दुरुस्ती करावी की उंची वाढवावी?

वाशिष्ठीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी नुकतीच 2002 सालची मारुती जिप्सी किंग विकत घेतली आहे. इंजिन 1.3 लिटरचे, सोळा व्हॉल्व्हचे, एमपीएफआय (संगणक-नियंत्रित इंधन इंजेक्शनचे) आहे. सकाळी थंड असतानाही ते लगेच सुरू होते आणि धूर सोडत नाही, त्यामुळे इंजिनाबद्दल सध्या तक्रार नाही. आमची आंबा-काजूची बाग चिपळूणपासून आत डोंगरउतारावर आहे. तिथे जाणारा शेवटचा टप्पा जांभ्याचा कच्चा रस्ता आहे आणि मध्ये एक पऱ्या (छोटा ओढा) लागतो, ज्यात पावसाळाभर गुडघ्याच्या थोडे खाली पाणी असते. एरवी गाडी कुंभार्ली घाटाने कराडपर्यंत जाईल. त्याहून लांब नेण्याचा विचार नाही.

अडचणी अशा आहेत. ताशी 50 ते 60 किलोमीटरच्या वेगात पुढचे चाक खड्ड्यातून गेले की स्टीअरिंग दोन्ही बाजूंना जोरात हलू लागते आणि वेग बराच कमी केल्याशिवाय थांबत नाही. आधीच्या मालकांनी नवा स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके शोषणारा दांडा) बसवला होता, पण त्याने काही फरक पडलेला नाही. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळे, पातळ तेल ओघळलेले दिसते. मागच्या कमानी (पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसल्या आहेत. मॅट उचलले तेव्हा चालकाच्या पायाखालचा पत्रा एका कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दबला.

गाडीची उंची दोन इंच वाढवावी, 235/75 आर 15 चे टायर घालावेत आणि ब्रीदर (अॅक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी तोंडे), दिवे वगैरे बाकीची कामे हळूहळू करावीत, असा माझा मूळ बेत होता. पान्यांचा पूर्ण संच, हायड्रॉलिक जॅक, दोन स्टँड आणि ग्राइंडर माझ्याकडे आहे. जमेल तेवढे काम स्वतः करायचे आहे, परंतु सगळ्यासाठी एकदम पैसे नाहीत. कामांचा क्रम कसा ठेवावा?

रानवाट यांचे उत्तर

उंची आणि टायर तूर्त बाजूला ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. तुम्ही वर्णन केलेले स्टीअरिंगचे हलणे आणि चाकामागचे तेल ही दोन्ही लक्षणे पुढच्या अॅक्सलच्या टोकाशी असलेल्या नकलकडे (ज्यावर चाक वळते त्या सांध्याकडे) बोट दाखवतात, आणि तो भाग ढिला असताना त्यावर मोठा, जड टायर चढवला तर हाच दोष अधिक धोकादायक होईल. डॅम्पर हा दोष थोडा काळ झाकतो, दूर करत नाही. आधीच्या मालकांनी तो का बदलला असेल, हे त्यावरून कळते.

आधी निदान करा. मागच्या चाकांना उटी लावा, पुढचे चाक जॅकवर उचला आणि अॅक्सलखाली स्टँड द्या. अंगणातली जमीन मऊ असेल तर स्टँडखाली जाड फळी घाला, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. आता चाक वर आणि खाली धरून पुढे-मागे हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेकचे पॅडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवून पाहा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तसाच राहिला तर किंगपिनच्या (ज्या खिळीवर नकल वळते तिच्या) बेअरिंगमध्ये आहे. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जो खेळ मिळतो, तो बहुधा टाय रॉड एंडचा (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा) किंवा स्टीअरिंग बॉक्सचा असतो.

नकल उघडावे लागले तर घाबरू नका. काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. कॅलिपर सोडल्यावर तो तारेने चासीला अडकवून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका. त्यानंतर हब, स्पिंडल आणि मग अॅक्सल शाफ्ट बाहेर येतो. वरच्या आणि खालच्या किंगपिनखालच्या शिम (पातळ चकत्या) वेगवेगळ्या पाकिटांत, वर-खाली अशी खूण करून ठेवा, कारण बेअरिंगवरचा ताण त्यांच्याच जाडीवर ठरतो. जुन्या बेअरिंगचे बाहेरचे कडे पुसून उजेडात धरा. हे बेअरिंग चाकाच्या बेअरिंगसारखे पूर्ण फिरत नाही, वळणावर थोडेसेच सरकते, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षे एकाच जागी ठोके खातात आणि कड्यावर त्यांच्या आकाराच्या समांतर रेघा उमटतात. नख फिरवले की त्या रेघा लागतात. असे बेअरिंग ग्रीस भरून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही.

नवे बेअरिंग घातल्यावर मागचे फेल्ट आणि रबराचे सील लावण्यापूर्वी, टाय रॉड सुटा असतानाच, टाय रॉडच्या भोकात साधा स्प्रिंगकाटा अडकवून नकल ओढून पाहावे. नकल हलू लागताना काट्यावर 1 ते 1.8 किलोचे वजन दिसले पाहिजे. कमी दिसले तर एखादी शिम काढावी, जास्त दिसले तर घालावी. बऱ्याच गॅरेजांत ही मोजणी होत नाही, नुसते बोल्ट आवळले जातात, आणि म्हणूनच नवे बेअरिंग घालूनही स्टीअरिंग थरथरत राहते. सगळ्या कामात हीच पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो.

काळ्या तेलाचे कारण अॅक्सल ट्यूबच्या टोकाचे ऑइल सील असावे. ते गेले की डिफरन्शियलचे (अॅक्सलच्या गिअरपेटीचे) तेल नकलमध्ये शिरते, तिथले ग्रीस पातळ होते आणि मागच्या फेल्टमधून बाहेर ओघळते. सील बदलताना त्याची स्प्रिंग असलेली ओठाची बाजू डिफरन्शियलकडे ठेवावी. नकलचा गोल भाग गंजून खडबडीत झाला असेल तर बारीक एमरी पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर तो नवे सील काही दिवसांतच कापून टाकेल.

जांभापत्रा यांचे उत्तर

वरच्या सूचनेशी मी सहमत आहे, मात्र तुमच्या रस्त्यावर पऱ्या आहे म्हणून ब्रीदरचे काम मी दुसऱ्या क्रमांकावर घेईन. जिप्सीच्या दोन्ही अॅक्सलच्या हौसिंगवर छोटे ब्रीदर असतात. घाट चढून किंवा उतरून आल्यावर हौसिंग चांगलेच तापलेले असते. ते थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सील जिथे वाट देईल तिथून पाणी आत ओढते. ब्रीदर चिखलाने चोंदला असेल तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण तेव्हा सगळा ताण सीलवर येतो. ब्रीदरच्या जागी योग्य आट्याचा निपल बसवून त्यापासून तेल सहन करणारी रबरी नळी बॉनेटखाली उंच जागी नेऊन बांधावी. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अॅक्सलला शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या) ब्रीदरलाही अशीच नळी देता येते. नळी बांधताना अॅक्सल खाली-वर होईल एवढी ढील ठेवा आणि सायलेन्सरच्या पाइपापासून ती दूर न्या. सुधारणा करायचीच असेल तर या गाडीवर मला हीच पहिली सुचते: खर्च किरकोळ, गाडीच्या बाह्य रूपात बदल नाही आणि उपयोग दर पावसाळ्यात.

त्याआधी सगळी तेले बघा. नेहमी भरण्याचा प्लग आधी उघडा, मग खालचा. खालचा उघडून तेल सांडून गेले आणि वरचा जाम निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरलेले आहे, असे समजा. डिफरन्शियलला हायपॉइड गिअरसाठीचे जीएल-5 दर्जाचे तेल लागते. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी सिंक्रोनायझर (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असतात आणि जीएल-5 मधील गंधकयुक्त घटकांचा त्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून तिथे जीएल-4 वापरणे सुरक्षित. दुकानदार अनेकदा दोन्हीसाठी एकच डबा पुढे करतात. डब्यावरचा दर्जा स्वतः वाचून घ्या.

पत्र्याविषयी थोडे कठोरपणे सांगतो. स्क्रू ड्रायव्हर आत दबला म्हणजे तिथला पत्रा संपला आहे. तो भाग निरोगी धातूपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडा, एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटर असतो. गंजावर काळे डांबरी कोटिंग फासून घेण्याचा सल्ला बरेच जण देतील, तो ऐकू नका. कोटिंगखाली अडकलेला ओलावा पत्रा आतून खात राहतो आणि वरून सगळे गुळगुळीत दिसते. तारेच्या ब्रशने गंज काढून प्रायमर, त्यावर रंग आणि शेवटी पोकळ भागांत मेणयुक्त कोटिंग, असा क्रम ठेवा. चासीवर मागच्या शॅकलच्या (कमानीचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याच्या) जागा आणि बॉडी माउंटभोवतीचा भाग हातोडीने हलके ठोकून तपासा. खणखणीत आवाज आला तर उत्तम, बद्द आला तर तिथे आणखी शोध घ्या.

कऱ्हाडी कमान यांचे उत्तर

टायरच्या मापाचा हिशेब मांडतो. या गाडीचे 205/70 आर 15 हे माप धरले तर चाकाचा व्यास सुमारे 668 मिलिमीटर येतो. 235/75 आर 15 चा व्यास सुमारे 733 मिलिमीटर, म्हणजे जवळपास 10 टक्के जास्त. डिफरन्शियलखाली जागा वाढते ती व्यासातील फरकाच्या निम्मी, साधारण 33 मिलिमीटर. त्या मोबदल्यात प्रत्येक गिअर 10 टक्क्यांनी लांबतो, स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी 66 ने धावते, ब्रेकवर भार वाढतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासू लागतो. 215/75 आर 15 घेतल्यास व्यास 703 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे 5 टक्केच वाढतो. 80 अश्वशक्तीच्या इंजिनाला आणि तुमच्या रस्त्याला ते माप पुरेसे आहे. ओल्या जांभ्यावर टायरच्या उंचीपेक्षा त्याची नक्षी आणि त्यातली हवा जास्त कामाची ठरते.

उंचीसाठी लांब शॅकल लावण्याचा स्वस्त मार्ग दाखवला जाईल. जिप्सीच्या पुढच्या कमानींचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की अॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही. तुमच्या गाडीचा आजचा रोग नेमका त्याच दिशेचा आहे. रानवाट यांनी उंचीचा विषयच बाजूला ठेवायला सांगितला आहे, तिथे माझे मत थोडे वेगळे आहे: मागच्या कमानी बसल्या असतील तर मूळ उंची परत आणणे हा दुरुस्तीचाच भाग आहे. कराडला ट्रकच्या कमानींचे काम करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून पट्ट्या सुट्या करून तडे तपासून घ्या, थकलेल्या पट्ट्या बदला, बाक देऊन घ्या. बुश आणि यू-बोल्ट मात्र नवेच घाला. शॅकलचे आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचे पूर्ण वजन चाकांवर आल्यानंतरच. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच अधोरेखित केले. तुमच्या गाडीने 15 वर्षे केव्हाच ओलांडली आहेत, म्हणजे नोंदणी नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांनी तिची तपासणी होणारच. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड बसवलेला असेल तर तो काढून टाका, कारण त्यांवर डिसेंबर 2017 पासून केंद्राचे बंदीचे निर्देश आहेत आणि अपघातात पादचाऱ्याला त्याने गंभीर इजा होते.

वाशिष्ठीकाठ

आपणा सर्वांचे आभार. ब्रेक दाबून चाक हलवण्याची चाचणी आज केली. डाव्या चाकाचा खेळ ब्रेक दाबल्यावरही तसाच राहतो, उजव्या चाकाला खेळ जवळजवळ नाही. मागच्या डिफरन्शियलचे तेल स्वच्छ आहे, पुढचे पातळीच्या बरेच खाली आहे. दोन प्रश्न उरतात. उजवी बाजू चांगली असताना तीही उघडावी का? आणि काम झाल्यावर अलाइनमेंट घरी करता येईल का?

रानवाट

दोन्ही बाजू उघडा. उजव्या बेअरिंगनेही तेवढेच खड्डे सोसले आहेत, आणि एका बाजूला मोजून दिलेला ताण व दुसऱ्या बाजूला अंदाजाचा, असे असले तर गाडी एका बाजूला ओढण्याची शक्यता राहते. पुढच्या डिफरन्शियलमध्ये आजच तेल भरून घ्या आणि सील बदलेपर्यंत दर काही दिवसांनी पातळी पाहत राहा.

अलाइनमेंटबाबत सांगायचे तर अखंड अॅक्सलच्या या गाडीत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर जुळवण्याची सोयच नाही, फक्त टो-इन (चाके पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असणे) जुळवता येतो आणि तो घरी नीट मोजता येतो. सपाट जागेवर गाडी थोडी पुढे ढकलून चाके सरळ करा. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, मागच्या बाजूने खडूने खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर मोजा. मग त्या खुणा पुढच्या बाजूला त्याच उंचीवर येईपर्यंत गाडी पुढे ढकला आणि पुन्हा मोजा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा 2 ते 6 मिलिमीटरने कमी भरले पाहिजे. टाय रॉडचे चेकनट ढिले करून रॉड फिरवत तेवढे जुळवा, चेकनट आवळा आणि एकदा पुन्हा मोजा, कारण आवळताना रॉड किंचित फिरतो. त्यानंतर बागेपर्यंत एक फेरी मारून किंगपिनचे आणि यू-बोल्टचे नट टॉर्क रेंचने परत तपासा. डॅम्पर सोडून ठेवून, रिकाम्या सरळ रस्त्यावर कमी वेगापासून सुरुवात करत गाडी चालवून बघा. त्याच्याशिवायही स्टीअरिंग स्थिर राहिले तर डॅम्पर परत जोडा आणि कमानींचे काम हाती घ्या.