मलावीच्या दोन गोण्या आणि आपली तूर

वाफसा
'मलावीने जागतिक बँकेचं न ऐकता खतावर अनुदान दिलं आणि एका हंगामात उपासमार संपवली, आफ्रिकेला दुसरं काही नको,' असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. वाचून राहवलं नाही. २००४-०५ ला पावसाने दगा दिला, मका जेमतेम १२ लाख टन झाला. मग तेव्हाचे अध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांच्या सरकारने कुपनवर स्वस्तात खत दिलं आणि २००७ चा सरकारी आकडा ३० लाख टनांपार गेला, हे खरं. पण २००५-०६ आणि २००६-०७, दोन्ही हंगामांत पाऊस चांगला झाला, ते कोण सांगणार? आणि त्याच आकड्याच्या भरवशावर झिंबाब्वेला ४ लाख टन मका विकायचा करार केला, तर २००८ उजाडताच मलावीच्याच बाजारात मका का भडकला? एवढं पीक खरोखर घरात असतं तर भाव असे चढत नाहीत.

सरीवरंबा
पाऊस मान्य. पण गोणीचा हिशेब मांडा ना. कुटुंबाला ५० किलोच्या दोन गोण्या. एक २३:२१:० (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), गंधकासह, पेरणीची. दुसरी युरिया. नत्र ११.५ अधिक २३, म्हणजे ३४.५ किलो. किलोभर नत्रामागे १२ किलो मका धरला तरी चार क्विंटल जास्तीचा. जमीन एकर-दीड एकर, बहुतेकांकडे बैल नाहीत, सगळं कुदळीवर. जानेवारी-फेब्रुवारीत घरातला मका संपतो, तेव्हा चुलीवर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजणार की नाही, हे त्या चार क्विंटलांवर ठरतं. याला पावसाची कृपा म्हणून बोळवू नका.

वाफसा
१२ किलो कधी, खत वेळेवर पडलं तर! पहिला हप्ता पेरणीला, युरिया तीनेक आठवड्यांनी, रोपाच्या बाजूला भोक पाडून, बाटलीच्या बुचाने मोजून. पाऊस लागतो नोव्हेंबरच्या मध्यापासून. देशाला समुद्र नाही. खत मोझांबिकच्या बैरा नाहीतर नकालाच्या बंदरातून यायचं, सरकारकडे डॉलर नसले की निविदा लांबतात आणि गोणी गावात पोचते डिसेंबर सरता सरता. मग शेतकरी दोन्ही खतं एकदमच टाकतो. स्फुरदाची वेळ गेलेली असते. त्यात जमीन आम्ल असेल तर उरलंसुरलं स्फुरद मातीच धरून ठेवते. चुना टाकायला हवा, पण कुपन खताचं होतं, चुन्याचं नव्हतं.

उदगीरची_तूर
मक्याचं तुमचं चालू द्या. मलावीचं नाव निघालं की आमच्या पोटात गोळा येतो. २०२१ ला दिल्लीने त्यांच्याशी करार केला, दरवर्षी ५० हजार टन तूर, पाच वर्षं. इकडे त्याआधीच २०१६-१७ ला हमीभाव क्विंटलला बोनससकट ५,०५० असताना तूर चार हजारांखाली गेली, आणि केंद्रांवर बारदाना नाही म्हणून काटे बंद. त्यांचा विकास मराठवाड्याच्या जिवावर का?

सरीवरंबा
अहो, ५० हजार टन म्हणजे देश वर्षाला जेवढी तूर खातो त्याच्या एक-सव्वा टक्का! तेवढ्यावर मराठवाडा बुडाला म्हणता? ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीने आयातीला दोन लाख टनांचं कुंपण घातलं. मोझांबिकला आधीच्या करारामुळे वाट मोकळी होती, मलावीला नव्हती. मलावीच्या दक्षिणेतल्या फालोम्बे, चिराड्झुलूकडची तूर नेमकी तेव्हाच निघत होती. दुसरं एवढं मोठं गिऱ्हाईक नाही, भाव कोसळले. तो शेतकरीही तुमच्यासारखाच एकरावरचा आहे.

उदगीरची_तूर
टक्के शिकवू नका. भाव टनांवर पडत नाही, जहाज निघाल्याच्या बातमीवर पडतो. त्यांची तूर जुलैपासून निघते, इथे लागते आमचा माल यायच्या तोंडावर. व्यापारी तेवढ्यावर हात आखडता घेतो. हां, २०१७ ला त्यांचंही वाटोळं झालं, एवढं मानतो. पण धोरण दिल्लीचं, त्याची शिक्षा आम्हाला नको.

शेंगवर्गीय
भांडता आहात त्याच तुरीत मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. मलावीच्या दक्षिणेत तूर मक्यातच पेरतात. सुरुवातीला ती हळू वाढते, मक्याशी झगडत नाही, मका निघाला की पसरते, पानगळ रानातच कुजते. पुढच्या मक्याला फुकट नत्र. जुन्या योजनेत शेंगवर्गीय बियाण्याचं कुपन होतं. २०२० च्या नव्या योजनेने धान्याचं बियाणं आणि खत धरलं, हे सोडलं. साफ चुकलं. मध्य भागात अडचण वेगळी. मका काढला की शेळ्या मोकाट सोडतात आणि उभी तूर फस्त होते. तिथे गावाने चराईबंदी पाळल्याशिवाय बियाणं वाटून उपयोग नाही.

वाफसा
हे पटलं. सरीवरंबा, तुमचे चार क्विंटलही मानतो, गोणी ऑक्टोबरात पोचणार असेल तर. २०२० ला ३५ लाखांहून जास्त कुटुंबांना स्वस्त खत कबूल केलं, तीनच वर्षांत १५ लाखांवर आले. शेतीखात्याचा बहुतेक पैसा खतात गेला की कृषी सहायकाच्या मोटारसायकलीत पेट्रोल कोण घालणार?

सरीवरंबा
मग ऑक्टोबरासाठी भांडू. योजना बंद करा म्हणू नका.