‘मक्तेदारी’ आणि ‘एकाधिकार’: धर्मसंस्था व राज्यसत्ता यांच्या संदर्भात

प्रश्न : राजाश्रयामुळे एखाद्या प्रदेशात एकाच धर्मपंथाला वाव उरतो, त्या स्थितीचे अर्थशास्त्रीय विवेचन करताना ‘एकाधिकार’ म्हणावे की ‘मक्तेदारी’? एरवी हे दोन्ही शब्द समानार्थी म्हणून वापरले जातात.

उत्तर : येथे ‘मक्तेदारी’ अधिक नेमका ठरतो, असे मला ठामपणे वाटते. ‘मक्ता’ हा मूळचा अरबी शब्द असून ठरीव रकमेच्या बदल्यात मिळालेला इजारा किंवा ठेका, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे मक्ता म्हटला की देणारा आला, घेणारा आला आणि मोबदलाही आला. ‘एकाधिकारा’तून अधिकार एकट्याकडे आहे एवढेच कळते, तो कोणी व कशासाठी दिला हे कळत नाही.

अर्थशास्त्राचा रोख नेमका या देवघेवीवर आहे. प्रत्येक आज्ञा बळाने पाळायला लावणे राज्यकर्त्याला फार खर्चाचे पडते. प्रजेने ती आपणहून मानली तर तो खर्च वाचतो, आणि अशी अधिमान्यता धर्मगुरू पुरवू शकतात. (येथे ‘वैधता’ म्हणू नये, कारण तो शब्द कायद्याशी बांधलेला आहे.) मोबदल्यात धर्मसंस्थेला जमिनी, करमाफी आणि प्रतिस्पर्धी पंथांवर बंदी मिळते. मात्र देणारा मक्ता काढूनही घेऊ शकतो : इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये चर्चचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले आणि १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली.

ठरीव उत्पन्न मिळालेले धर्मोपदेशक सुस्तावतात, असे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिले आणि अनेक लहान पंथांची स्पर्धा समाजाला हितकारक मानली. त्याचा मित्र, तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याला तीच सुस्ती हवी होती. सरकारने वेतन देऊन धर्मोपदेशकांचा अतिउत्साह शमवावा, असे त्याचे मत होते. निरीक्षण एकच आणि सल्ले परस्परविरुद्ध, ही गोष्ट मला या साऱ्या चर्चेत सर्वांत मोलाची वाटते.

प्रतिसाद : ‘मक्तेदारी’त राज्यकर्ता वरचढ असल्याचे गृहीत धरले जाते. १०७६ मध्ये पोप सातव्या ग्रेगरीने जर्मनीचा राजा चौथा हेन्री याला बहिष्कृत करून प्रजेला त्याच्याप्रति असलेल्या निष्ठेच्या शपथेतून मुक्त केले, आणि पुढच्याच जानेवारीत त्या राजाला उत्तर इटलीतील कानोसा या ठिकाणच्या गढीबाहेर, जेथे पोप होता, तीन दिवस क्षमायाचना करावी लागली. येथे मक्ता कोणी कोणाला दिला?

उत्तर : हा आक्षेप मला मान्य आहे. तेथे अधिमान्यता पुरवणारी संस्था एकच होती आणि तो अधिकार तिला त्या राजाने दिलेला नव्हता. म्हणून त्या प्रसंगी ‘एकाधिकार’ हाच शब्द योग्य होईल.