पगारपत्रकातले दोनशे रुपये
"संकटात जो तो आपलंच बघतो, आशाबिशा सब झूट" हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. माणूस घाबरला की हात आखडतो, खरंय. पण १९७२चा दुष्काळ आठवा. आमच्याकडे अजूनही सुकडीचं (तेव्हा दुष्काळग्रस्तांना वाटलेल्या पिठाच्या खाण्याचं) नाव निघालं की आजी गप्प होते. दुष्काळी कामांवर खडी फोडून दिवस काढलेली पिढी ती. रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला सरकारने काम देण्याची, कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात छोट्या प्रमाणावर करून पाहिली होती. दुष्काळात ती राज्यभर कामी आली. पुढे तिच्या खर्चासाठी १९७५मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून पैसे कापायचे आणि गावाकडच्या मजुराला काम द्यायचं! आजही बहुतेकांचे महिन्याला दोनशे (फेब्रुवारीत तीनशे) कापले जातात आणि आपण चरफडतो. मीही चरफडायचो, हे पैसे मुळात कशासाठी सुरू झाले ते कळेपर्यंत. सगळं गोडगोड नव्हतंच. खोटे हजेरीपट, रखडलेली मजुरी, सगळे प्रकार झाले. तरी २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर नमुना होता तो याच योजनेचा.