कॉलेजच्या पोरांनी छोट्या धंद्यांना कर्ज द्यावं का?

हेमंत_सर: बी.कॉम.ला शिकवतो. यंदा वर्गापुढे एक कल्पना मांडलीय. वीस जणांनी पार्टीचे प्रत्येकी 500 वाचवायचे आणि ‘रंग दे’सारख्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याच्या ऑनलाइन मंचावरून एखाद्या छोट्या धंद्याला कर्ज म्हणून द्यायचे. होतात 10,000. फेरीवाल्यांसाठीची स्वनिधी योजना 2020 मध्ये आली तेव्हा पहिलं कर्ज एवढंच होतं. सावकाराकडून सकाळी 900 घेऊन संध्याकाळी 1000 फेडणारी भाजीवाली यातून सुटू शकते. दान नाही, पैसे परत येतात. मत सांगा.

खवचट_काका: म्हणजे आता मिसरूड फुटायच्या आत सावकारी! सूक्ष्म कर्जाचं कौतुक 2010 मध्ये आंध्रात पाहिलंय. एका घरात चार-चार कंपन्यांची कर्जं, दारात वसुलीवाले, आत्महत्यांच्या बातम्या. शेवटी सरकारला अध्यादेश काढावा लागला.

हेमंत_सर: काका, ते कंपन्यांचं होतं. इथे दारात कोण जाणार आहे? बुडाले तर पोरांचे पाचशे बुडाले. नुकसान सगळं कर्ज देणाऱ्याचं, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा बजावलंय.

माणदेशी_लेक: सर, हेतू चांगला आहे, पण पोरं मोबाईलवर बायकांचे फोटो बघून ‘हिला देऊ की तिला’ करणार, ते मला खटकतं. आमच्या साताऱ्याकडच्या म्हसवडच्या बायकांनी बँक काढायची ठरवली तेव्हा अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता. त्या परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या साहेबांनाही तसंच काढायला सांगा. 1997 ला माणदेशी बँक उभी राहिली. तुमच्या पोरांना आधी बचत गटाच्या बैठकीत कोपऱ्यात बसवा. हप्ता कोणाचा थकला, का थकला, त्यावर बायका कशा भांडतात ते ऐकू दे.

हेमंत_सर: बैठकीचं पटलं, नेतो. पण नुसतं ऐकून पोरं विसरतात हो. स्वतःचे पाचशे अडकले की व्याजाचं गणित डोक्यात बसतं.

निशाचर: पाचशेचं सोडा. या मंचांना परतफेडीची माहिती कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांना द्यावीच लागते. म्हणजे हप्ता चुकला की कर्ज घेणारीचं सिबिल बिघडणार, उद्या बँकेच्या दारातही उभं करणार नाहीत. तुमच्या पोरांना मार्क किती देणार आहात यासाठी?