कोरड्या दिवसांत उघड्यावर काहीही पेटवायला सरसकट बंदी हवी का?

डोंगरकडेचा (मुलुंड)

आमची सोसायटी मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे गवत, त्याच्या वर कारवीची झुडपं. दिवाळीपर्यंत सगळं हिरवं असतं, डिसेंबरात पिवळं पडतं आणि फेब्रुवारीत मुठीत धरलं की चुरा होतो. आणि भिंतीच्या अलीकडे, आमच्याच आवाराच्या कोपऱ्यात, रोज सकाळी पाचोळ्याचा ढीग पेटतो. मीटिंगमध्ये हे बंद करा म्हटलं तर उत्तर आलं, 'पाचोळाच आहे, प्लास्टिक थोडंच जाळतोय?'

माझं मत स्पष्ट आहे. डिसेंबरपासून पहिल्या पावसापर्यंत मुलुंड, भांडुप, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव या डोंगराला टेकलेल्या भागांत उघड्यावर काहीही पेटवू नये. पाचोळा, कचरा, वॉचमनची शेकोटी, काहीही. आपल्याकडे विजा कडाडतात त्या बहुतेक पावसाबरोबर, त्यामुळे कोरड्या दिवसांत गवत पेटतं ते माणसाच्या हातानंच.

वाऱ्याचाही विचार करा. मुलुंड-भांडुपला उद्यान पश्चिमेला आहे आणि सकाळचा वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे ठिणगी थेट जंगलाकडे. बोरिवली-गोरेगावला उलटं, तिथे दुपारी समुद्रावरून येणारा वारा आग डोंगरावर ढकलतो. मार्चमध्ये हा खारा वारा उशिरा सुटला की मुंबई भाजून निघते. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद आहे, ती अशाच मार्चातली. त्यात चढावर आग वर धावते, कारण ज्वाळा पुढचं गवत आधीच तापवून ठेवतात. चढ दर १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगाव पूर्वेला आयटी पार्कमागचा डोंगर संध्याकाळी पेटला, तो रात्रभर जळत होता. बंबाच्या गाड्या पायथ्याशी उभ्या होत्या, वर पाइप पोचणार कसा?

सेक्रेटरीकाका

तुमची कळकळ कळते, पण बंदी घालून पाचोळा नाहीसा होत नाही. आमच्या आवारात वड, पिंपळ, जंगली बदाम आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत रोज गोण्या भरतात. कचऱ्याची गाडी ओला-सुका घेते, पाचोळा बघितला की पुढे जाते. खड्डा करायला जागा नाही, सगळं पार्किंग. झाडूवाल्या मावशींनी काय करायचं? आधी उचलायची सोय, मग बंदी. उलट क्रमानं केलं तर लोक रात्री जाळतील, आणि रात्री लक्ष ठेवायला कुणी नसतं. ते जास्त धोक्याचं.

डोंगरकडेचा (मुलुंड)

काका, बंदी आत्ताही आहेच. २०१६ च्या घनकचरा नियमांतच उघड्यावर जाळायला मनाई झाली, बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी हरित लवादानं साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. राखीव जंगलात आग लावणं तर १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. खड्ड्याला जागा नसली तरी दोन पार्किंगच्या मध्ये जाळीचा उभा पिंजरा बसतो. त्यात पाचोळा दाबा, पाणी शिंपडा, मूठभर शेण किंवा आंबट ताक घाला. पावसाळ्यापर्यंत कुजून निम्म्याहून खाली बसतो.

पाड्यावरची

मी उद्यानाच्या आतल्या पाड्यावर राहते. दादा, तुम्ही 'काहीही' लिहिलंत. आमची चूल अंगणात असते. आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं. बंदीचा कागद निघाला की पहिली पावती आमच्या नावावर फाटणार. तुमच्या सोसायटीत कोण येतंय बघायला? आणि वणवा लागतो तेव्हा फांद्या घेऊन आधी धावतात ती पाड्यावरचीच पोरं. हिरवी फांदी तोडायची, आगीच्या कडेकडेनं झोडपत जायचं, धूर तोंडावर घ्यायचा नाही. आम्हाला हे शाळेत कुणी शिकवलं नाही. आग आमच्या गवतात शिरली तर आमची गुरं उपाशी राहतात, आम्ही कशाला लावू?

आग येते ती रस्त्याकडून. पार्टी करून गेलेल्यांच्या चुली, फेकलेल्या विड्या-सिगारेटी. आणि काही वेळा आग मुद्दाम लावतात, जागा मोकळी दिसावी म्हणून, असं आमच्याकडे सगळे बोलतात. त्यांना तुमची बंदी अडवणार आहे का?

डोंगरकडेचा (मुलुंड)

ताई, स्वयंपाकाची चूल यात नाही. सारवलेल्या अंगणात, माणूस शेजारी बसलेलं असताना पेटलेली चूल आणि सोडून दिलेला धुमसता ढीग यांत फरक आहे, तो कागदावरही लिहिला गेला पाहिजे. बाकी बंदीवर मी ठाम आहे.

मुरबाडचा शेतकरी, राहणार भांडुप

शहरातल्या नियमाची सावली गावावर पडते म्हणून लिहितो. आमच्याकडे राब भाजल्याशिवाय भाताचं रोप धरत नाही. शेण, पाला, गवत यांचे थर खाचरात पसरून भाजतो. तणाचं बी मरतं, राख मिळते. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. हे बंद करायला निघालात तर शेतकरी ऐकणार नाही. पण भाजायची रीत आहे, ती सांभाळली पाहिजे. कडेनं हातभर पट्टा नांगरून मोकळा करायचा. वारा पडलेला असताना पेटवायचं, तेही वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध सावकाश सरकते. धग जाईपर्यंत कुणीतरी तिथेच थांबायचं. आजकाल पोरं काडी लावून मोटारसायकलवर निघून जातात, तिथून वणवे लागतात. दोष भाजण्याचा नाही, सोडून जाण्याचा आहे.

आणि एक, डोंगर जाळला की गवत चांगलं फुटतं म्हणतात, ते मला पटत नाही. काळ्या जमिनीवर कोंब उठून दिसतात एवढंच. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर ऐनाचं, खैराचं रोप वर येताना मी पाहिलेलं नाही. राहतं ते जाड गवत.

माजी हंगामी मजूर, वनखातं

जाळरेषांवर, म्हणजे वणवा अडवायला जंगलात मोकळ्या केलेल्या पट्ट्यांवर, पुष्कळ उन्हाळे काम केलंय, म्हणून लिहितो. सरसकट बंदी म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, वनखातं स्वतःच जाळतं आणि ते जाळलंच पाहिजे. पट्टा आखायचा, गवत कापायचं, वाळू द्यायचं, मग दोन्ही कडांना माणसं उभी करून सकाळी लवकर जाळायचं. वणवा त्या पट्ट्यापर्यंत येतो आणि खायला काही नाही म्हणून मरतो. पण आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात आणि मुंबईचा डोंगर डिसेंबरातच वाळलेला असतो. २०१८ ची आग त्या हंगामाबाहेरची होती. माझी मागणी बंदीची नाही, इथल्या जाळरेषा डिसेंबरआधी संपवण्याची आहे.

विझवण्याबद्दलही सांगतो. पाचोळ्याच्या ढिगावर बादली ओतली की वरचं काळं होतं आणि लोक निघून जातात. आत निखारा तासन्‌तास जिवंत असतो. ओतायचं, काठीनं तळापासून ढवळायचं, परत ओतायचं. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ न्यायची. धग लागली तर अजून विझलेलं नाही.

पक्षीवेडी

जाळरेषेला माझा विरोध आहे, निदान जाळण्याच्या भागाला. गवत कापून उचलून नेलं तरी पट्टा मोकळा होतो. रातवा पक्षी पाचोळ्यातच अंडी घालतो, घरटंसुद्धा करत नाही. टिटवी उघड्या जमिनीवर. मार्चनंतर पेटवलेली प्रत्येक काडी त्यांच्यावर पडते. आणि पाचोळा गेला की पहिल्या पावसात माती सरळ नाल्यात उतरते.

माजी हंगामी मजूर, वनखातं

ताई, मार्चमध्ये पेटवू नये हे तंतोतंत मान्य. म्हणून तर डिसेंबरआधी म्हणतोय. पण एवढ्या उतारांवरून कापलेलं गवत खांद्यावर वाहून आणायला माणसं कुठून आणणार? १०० चौरस किलोमीटरच्या वर उद्यान आहे, आगीवर नजर ठेवणारे हंगामी मजूर मोजके.

वरळीकर

होळीचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे कोळीवाड्यात होळी समुद्राकाठी लागते, आजूबाजूला गवताची काडी नाही. तिला हात लावू नका. पण डोंगरालगतच्या सोसायट्यांनी एकच सामायिक होळी मैदानाच्या मधोमध करावी, भिंतीजवळ नको. राखेवर पाणी मारून मगच झोपायला जावं.

सेक्रेटरीकाका

पिंजऱ्याचा खर्च किती येतो ते कळवा, पुढच्या मीटिंगला विषय घेतो. वॉचमनसाठी गरम कपडे आणि केबिनला दार, हेही घालतो. मात्र बंदीच्या ठरावावर मी सही करणार नाही, पाचोळा उचलायची सोय लेखी मिळेपर्यंत.

डोंगरकडेचा (मुलुंड)

खर्च उद्या टाकतो. सहीसाठी पुन्हा येईनच. तोवर निदान भिंतीच्या कोपऱ्यातला ढीग तरी आजपासून पेटवू नका. पलीकडे वणवा दिसला तर १०१ ला फोन करा आणि वनखात्याच्या १९२६ लाही.